हयातीचा दाखला

निवृत्त होऊन टिटवाळ्यास स्थायिक झाल्यापासून दर नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला देत आलो आहे, आणि त्या सर्व वर्षांचा मागोवा घेताना असे ध्यानी येते की, ‘मी आहे हे कशावरून?’ या ज्या प्रश्नाने तरुणपणापासून मला पछाडले, तो या कागदाइतक्या जवळून कोणत्याही ग्रंथाने मला दाखविला नाही. प्रारंभी अधिकाऱ्यासमोर सही केली की काम भागे. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय आली आणि पुढे अंगठ्याची मुद्रा पुरावा ठरली. गेल्या खेपेस झिजल्या रेषांचा माझा अंगठा यंत्राने तीनदा नाकारला. धोतराच्या सोग्याला पुसून तो चौथ्यांदा काचेवर टेकला तेव्हा कुठे काम झाले. त्या घटकेस मी आहे याविषयी मला तिळमात्र संशय नव्हता, आणि माझी ती खात्री समोरच्या माणसाच्या काडीइतकीही उपयोगाची नव्हती.

‘मी नाही’ अशी प्रतीती कोणासही येत नाही, हे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच सांगून ठेविले. देकार्तही १६४१ साली आपल्या वाटेने तेथेच पोहोचला. पुढे १९६९ मध्ये रॉबर्ट नोझिकने विल्यम न्यूकमचे एक कोडे प्रसिद्ध केले: उघड्या पेटीत हजार डॉलर, बंद पेटीत दहा लाख किंवा शून्य, दोन्ही घ्या किंवा एकटी बंद, तुम्ही एकटी बंद पेटी घ्याल असे भाकीत झाले असेल तरच तीत रक्कम, आणि भाकीत करणारा सहसा चुकत नाही. त्यावर पुढे कोणी शंका काढली की, इतके अचूक भाकीत करावयाचे तर त्याला माझा सारा विचार आपल्या मनात चालवून पाहावा लागेल; मग या क्षणी निवड करणारा मी पेट्यांपुढे उभा आहे, की त्याच्या गणितात? अस्तित्वाला येथेही धक्का लागत नाही, ठिकाण मात्र डळमळते, आणि निर्णय ठिकाणावरच अवलंबून असतो.

टिटवाळ्याच्या काळू नदीकाठी शकुंतला वाढली तो कण्वाश्रम होता अशी येथील लोकश्रद्धा असल्यामुळे कालिदासाच्या शाकुंतलाचा पाचवा अंक मला घरचा वाटतो. तेथेही शकुंतलेची स्वतःविषयीची खात्री समोरच्याच्या उपयोगाची नाही: ओळखीची अंगठी हरवलेली, दुष्यंत राजाची स्मृती शापाने लोपलेली. स्वीकारावे तर परस्त्रीस्पर्शाचा दोष, नाकारावे तर पत्नीत्यागाचा. पुरोहित सुचवितो की प्रसूतीपर्यंत हिने माझ्या घरी राहावे, पुत्राच्या अंगी चक्रवर्तीची लक्षणे दिसल्यास अंतःपुरात घ्यावे. फैसला तहकूब ठेवून पुरावा येऊ द्यावा, ही मसलत लिओनार्ड सॅव्हेजच्या १९५४ च्या ग्रंथातील निर्णयशास्त्रासही मान्य व्हावी इतकी शहाणपणाची आहे. पण समोर उभ्या असलेल्या स्त्रीचा अपमान त्या मसलतीच्या हिशेबात कोठेच धरलेला नाही, हे मला दर वाचनात अधिक बोचते. शकुंतला रडत पुरोहितामागून निघते, आणि अप्सरातीर्थापाशी स्त्रीरूप धारण केलेली एक ज्योती तिला उचलून नेते.