यंत्र नवे, सूर जुना

म्हसळ्याहून माणगाव, वाकण, पाली असा मार्ग धरून खोपोलीकडे निघाले की खालापूर तालुक्यातील सांगडेवाडी येथे ‘इमॅजिका’ हे मनोरंजन उद्यान लागते. एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेल्या या उद्यानात पाण्यावरून जाणाऱ्या नौकेतील प्रवाशांकडे पाहून यांत्रिक डायनोसॉर मान उचलतात आणि गर्जना करतात. त्यांतील ‘राजासॉरस’ हा तर भारतातच, नर्मदेच्या खोऱ्यातील जीवाश्मांवरून ओळख पटलेला प्राणी. शिर्डीच्या ‘साईतीर्थ’ उद्यानात यांत्रिक साईबाबांची मूर्ती भक्तांशी बोलते. असे काही पाहिले की मुले विचारतात, “हे खरे आहे का?” आणि व्यापारी घरातील वडीलधारी माणसे विचारतात, “याला खर्च किती आला असेल? आणि तो वसूल कसा होतो?” या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर या कलेच्या उगमापाशी जावे लागते.

निर्जीव आकृतीला हालचाल देण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या नाचविल्या. पुण्या-मुंबईच्या गणेशोत्सवांतील हलत्या देखाव्यांनी विजेची मोटार आणि ध्वनिफीत यांच्या बळावर पौराणिक प्रसंग उभे केले. परंतु दोरीमागे माणूस असतो आणि देखाव्यातील मूर्ती ठरावीक एक-दोन हालचालीच करते. शेकडो आकृत्यांनी एका गाण्याच्या तालावर, शब्दागणिक तोंड उघडून गावे, ही किमया प्रथम साधली ती अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने यांच्या कारागिरांनी.

तिचे मूळ एका खेळण्यात होते. न्यू ऑर्लिन्स येथील एका दुकानातून डिस्ने यांनी पिंजऱ्यातील यांत्रिक पक्षी विकत आणला आणि त्याची रचना समजून घेण्यासाठी तो कारागिरांच्या हाती दिला. कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथील ‘डिस्नेलँड’मध्ये एक उपाहारगृह काढावे आणि जेवणाऱ्यांच्या डोक्यावर असे पक्षी गात असावेत, अशी मूळ कल्पना होती. पण गाणे ऐकत बसलेले ग्राहक टेबल सोडणारच नाहीत, हे वेळीच ध्यानात आले. उपाहारगृहाचा बेत रद्द झाला, पक्षी मात्र राहिले. २३ जून १९६३ रोजी ‘एन्चान्टेड टिकी रूम’ हा खेळ सुरू झाला. पोपट, फुले आणि लाकडी मुखवटे मिळून दोनशेहून अधिक आकृत्या गाऊ लागल्या. एकाही जिवंत पाखराला पिंजऱ्यात न कोंडता झालेली ही पक्ष्यांची मैफल होती, हे अहिंसा मानणाऱ्या वाचकांना विशेष मोलाचे वाटावे.

तिची रचना त्या काळी अपूर्व होती. चुंबकीय ध्वनिफितीवर गाण्याबरोबरच काही संकेतस्वर मुद्रित केलेले असत. त्या स्वरांनी धातूची पातळ पट्टी थरथरे, विद्युतमंडल पूर्ण होई, हवेची झडप उघडे आणि पोपटाची चोच हाले. या यंत्रसामग्रीला उष्णता सोसत नसल्याने इमारत वातानुकूलित करावी लागली.

आता हिशेबाकडे वळू. खेळाची मालकी डिस्ने यांच्या स्वतंत्र खासगी कंपनीकडे होती, म्हणून उद्यानाच्या तिकीटपुस्तिकेत त्याचा समावेश नव्हता. त्यासाठी वेगळे ७५ सेंट मोजावे लागत. हा कसला खेळ, हे लोकांना समजावे म्हणून दाराबाहेर एक बोलका यांत्रिक पोपट बसविला होता. त्याच्यापुढे इतकी गर्दी होऊ लागली की वाट अडली आणि तो काढून घ्यावा लागला. १९७६ पासून अननसाचा व्यापार करणारी ‘डोल’ ही कंपनी प्रायोजक झाली आणि शेजारच्या खिडकीत अननसाचा रस विकला जाऊ लागला. रस घ्यावा, गाणे ऐकावे, हा तेथे येणाऱ्यांचा परिपाठच झाला. मुख्य वस्तूच्या आश्रयाने पूरक माल खपतो, हे म्हसळ्याच्या बाजारपेठेतील कोणत्याही दुकानदाराला निराळे शिकवायला नको.

या इतिहासातील खरा धडा मात्र पुढेच आहे. फ्लोरिडातील दुसऱ्या डिस्ने उद्यानात १९७१ पासून हाच खेळ चालू होता. काळ बदलला, प्रेक्षक रोडावले. तेव्हा १९९८ मध्ये तेथे नवा खेळ आणला गेला. त्याचे नावच ‘नवे व्यवस्थापन’ अशा अर्थाचे होते. चित्रपटांतून प्रसिद्ध झालेले दोन पक्षी नवे मालक म्हणून अवतरले आणि त्यांतील पोपट जुने गाणे मध्येच थांबवून त्याची टिंगल करू लागला. जुन्या रसिकांना ते रुचले नाही. १२ जानेवारी २०११ रोजी इमारतीच्या माळ्यावर आग लागली आणि त्या टिंगलखोर पोपटाच्याच यंत्राचे नुकसान झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दार पुन्हा उघडले, तेव्हा आत जुनेच गाणे, थोडे आटोपशीर करून, सुरू झाले होते.

अॅनाहाइमच्या मूळ खेळाने वेगळी वाट धरली. तेथे २००५ च्या सुमारास मोठा जीर्णोद्धार झाला. पक्षी नव्याने घडविले गेले, ध्वनी आधुनिक तंत्राने स्वच्छ करण्यात आला. गाणे, पोपटांची नावे आणि त्यांचा विनोद यांना मात्र धक्का लागला नाही. ग्राहकाच्या नजरेआड असलेले सर्व काही बदलले. ज्यासाठी ग्राहक येतो, ते जपले गेले.

खोपोलीच्या उद्यानालाही व्यवहाराची परीक्षा द्यावी लागली. अशा उद्यानात भांडवल आधी गुंततें, उत्पन्न ऋतूंच्या कलाने येते, कर्जाचे व्याज मात्र पावसाळ्यातही थांबत नाही. कर्जाच्या पुनर्रचनेनंतर २०२२ मध्ये त्याचे नियंत्रण संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आले. शिर्डीचे ‘साईतीर्थ’ही याच समूहाने उभारलेले. व्यवस्थापन बदलले, पण लोकांच्या ओठी बसलेले ‘इमॅजिका’ हे नाव कायम ठेवण्यात आले.

गावोगावच्या पेढ्यांवर आज तिसरी-चौथी पिढी बसत आहे. संगणकावरील हिशेब, मोबाइलवरील भरणा, काचेची कपाटे हे सारे यायलाच हवे. त्याला विरोध करणारी पेढी टिकत नाही. परंतु आजोबांच्या वजनाचा चोखपणा, उधारीच्या वहीमागची माणुसकी आणि गिऱ्हाइकाला नावाने हाक मारण्याची रीत हे दुकानाचे गाणे आहे. यंत्र झिजले की बदलावे. गाण्याला हात लावण्यापूर्वी मात्र ते ऐकायला कोण येते, याची एकदा मोजदाद करावी.