मराठी येते, पण शिकवता येते का?

वसतिगृहातून मी घरी, जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये, मराठीत पत्र लिहितो. धाकटी बहीण उत्तर पाठवते ते हिंदीत. एकदा मी लिहिले, 'परेडला उशीर झाला, शिक्षा मिळाली.' तिला वाटले, उशिरा येणाऱ्यांना वेगळे शिकवतात! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. इथे शिक्षा म्हणजे मैदानाच्या फेऱ्या.

जबलपूरला मराठी परकी नव्हे. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा होत्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेचे कलम 350 क सांगते. पण सोय म्हणजे फक्त वर्ग आणि पुस्तके नव्हेत. शिकवणारा हवा.

सुट्टीत आजी बहिणीला शिकवत होती. बहीण वाचता वाचता म्हणाली, 'माझी पुस्तक.' आजी म्हणाली, 'माझं पुस्तक.' का? 'असंच म्हणतात बाळा.' आजीचे मराठी आमच्यापेक्षा कितीतरी चांगले, पण कारण तिला सांगता येईना. कारण असे : हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग तर नाहीच. हिंदीत वाढलेले मूल नेमके कुठे अडखळेल, हे आधी ओळखणे हेच शिक्षकाचे प्रशिक्षण. लिपी एकच असल्याने उलट फसगत होते. 'चहा' आणि 'चमचा' यांतला च वेगळा उच्चारायचा, हे अक्षर पाहून कळत नाही. हिंदीत सगळ्याला 'हम'; मराठीत 'आम्ही जेवायला जातो' म्हटले की ऐकणारा उपाशी, 'आपण जाऊ' म्हटले की तोही पंगतीत.

मॉरिशसमध्ये हे काम रीतसर चालते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तिथे मजूर गेले. आज त्यांची पतवंडे सरकारी शाळेत मराठी विषय घेऊ शकतात, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. समुद्रापलीकडे जे जमले, ते नर्मदेकाठी का जमू नये?

तोवर आम्ही घरीच वहीत तीन रकाने आखले : तो, ती, ते. घरातली एकेक वस्तू बहीण त्यांत बसवते. दार 'ते', खिडकी 'ती', पंखा 'तो'. पेनचे मात्र अडले आहे. आजोबा 'तो पेन' म्हणतात, आजी 'ते पेन', आणि दोघेही माघार घ्यायला तयार नाहीत.