सेंट्रिंग कधी खोलायचं?

बांधकामातलं ‘स्मार्ट तंत्रज्ञान’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे विटा रचणारा रोबो येतो, आणि पाठोपाठ मजुराच्या पोटाची काळजी. पण आपल्याकडे साइटवर काम रखडतं ते बहुतेक वेळा वाट पाहण्यापायी. गवंडी सकाळी आठला हजर असतो आणि माल दहाला वर चढतो. सेंट्रिंगची, म्हणजे काँक्रीटला तात्पुरता आधार देणाऱ्या प्लेटा-टेकूंची टोळी तयार असते, पण खालच्या मजल्याच्या प्लेटा मोकळ्या झालेल्या नसतात. मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या 2017 च्या अहवालानुसार आधीच्या वीस वर्षांत जगभरात बांधकामातली श्रम-उत्पादकता वर्षाला जेमतेम 1 टक्क्याने वाढली, तर एकूण अर्थव्यवस्थेतली 2.8 टक्क्यांनी. तंत्रज्ञान लावायचंच, तर ते या खोळंब्यावर.

प्लेटांचंच घ्या. ‘स्लॅब म्हणजे 21 दिवस’ हे अनेकांना तोंडपाठ असतं. आयएस 456 या भारतीय मानकात मात्र साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू 7 दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवसांनी काढायला सांगितले आहेत. 21 दिवस आहेत ते सहा मीटरहून लांब बीमच्या टेकूंसाठी. हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे, क्युरिंग नीट झालं असेल आणि हवा 15 अंशांच्या खाली गेली नसेल तेव्हाचे. पोझोलाना सिमेंट (पीपीसी) वापरलं असेल तर मुदत त्याप्रमाणे बदलावी लागते. आणि मानकाचा मूळ निकष ताकदीचा आहे: सेंट्रिंग काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार, त्याच्या निदान दुप्पट ताकद त्यात आलेली हवी.

ती आली की नाही, हे कळावं म्हणून स्लॅब भरण्याआधी सळईला एक छोटा सेन्सर बांधतात. तो काँक्रीटच्या पोटातलं तापमान नोंदवत राहतो. सिमेंट आणि पाण्याची क्रिया उष्णतेत झपाट्याने होते, थंडीत रेंगाळते. निफाडला जानेवारीत भरलेला स्लॅब आणि चंद्रपूरला मे महिन्यात भरलेला स्लॅब, सातव्या दिवशी दोघांची ताकद सारखी कशी असेल? तापमान आणि तास यांचा मेळ घालून इंजिनिअरला मोबाइलवर ताकदीचा अंदाज मिळतो.

इथे दुसरा गैरसमज उगवतो, आणि तो धोक्याचा आहे: ‘सेन्सर आहे, आता क्यूब (चाचणीसाठी भरलेला काँक्रीटचा ठोकळा) कशाला?’ सेन्सर मोजतो फक्त तापमान. त्यावरून ताकद काढायची तर त्याच मिक्सचे क्यूब वेगवेगळ्या दिवशी फोडून आधी आलेख बसवावा लागतो. सिमेंट किंवा फ्लाय अ‍ॅशचं प्रमाण बदललं की तो आलेख बाद. वाहतुकीत अडकलेला ट्रान्झिट मिक्सर उशिरा आला, काँक्रीट घट्ट झालं म्हणून कुणीतरी ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडला, तर ते पाणी सेन्सरला दिसत नाही. क्यूबमध्ये दिसतं, तेही क्यूब पाणी घातल्यानंतरच्या मालाचा भरला असेल तरच. म्हणून 28 दिवसांचा क्यूब राहतोच, आणि टेकू काढण्याचा अंतिम शब्द स्ट्रक्चरल इंजिनिअरचा.

‘हे सगळं मोठ्या कंपन्यांचं काम’, असं छोटे ठेकेदार म्हणतात. थ्री-डी मॉडेलपुरतं ते काही अंशी खरं आहे. बाथरूमचा पाइप बीममधून जातोय हे मॉडेलमध्ये आधी कळलं, तर रेघ सरकवून भागतं. स्लॅब झाल्यावर कळलं, तर कोअर कटर येतो, आणि कापून निघालेल्या काँक्रीटच्या दंडगोलात कधी कधी सळईचा चकचकीत तुकडा असतो. तो पाहिला की पोटात गोळा येतो, कारण तो त्या बीमच्या ताकदीतला तुकडा असतो. पण ड्रॉइंगची शेवटची सुधारित प्रत मुकादमाच्या फोनवर पोचवणं आणि जुनी तिथून काढून टाकणं, एवढं तर तीन मजली इमारतीच्या ठेकेदारालाही आजपासून जमेल.

हेल्मेटला ट्रॅकर लावून मजूर किती मिनिटं बसला ते मोजायचं, यालाही काही जण उत्पादकता समजतात. मला हे मुळीच पटत नाही. मोजमापावर काम करणाऱ्या टोळीचा रिकामा दिवस आधीच तिच्या खिशातून जात असतो. ती बसून आहे ते खालच्या प्लेटा सुटल्या नाहीत म्हणून, आणि त्या कधी सुटतील हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.