बंदुकीचा सायलेन्सर

रायफलीच्या किंवा पिस्तुलाच्या नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवलेला, वीतभर लांबीचा धातूचा पोकळ डबा म्हणजे सायलेन्सर. हल्ली सैन्यात आणि कारखान्यांत त्याला सप्रेसर म्हणतात. हिंदी सिनेमात खलनायक तो पिस्तुलाला लावतो, ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. प्रत्यक्षात 5.56 मिमी रायफलीचा आवाज नळीच्या तोंडाशी सुमारे 165 डेसिबल असतो आणि चांगला सायलेन्सर तो 130 ते 135 पर्यंत उतरवतो. म्हणजे सायलेन्सर लावूनही रायफल चांगलीच कडाडते.

पण उतरलेले 30 डेसिबल थोडे नव्हेत. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. 10 डेसिबल कमी झाले की ध्वनीची शक्ती दहावा हिस्सा उरते, आणि 30 कमी झाले की हजारावा. शिवाय 140 डेसिबलच्या वरचा एकच धमाका कान कायमचे बिघडवायला पुरतो, असे मानले जाते. कानाच्या पडद्यापेक्षा आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी त्यात मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सायलेन्सर आवाजाला या रेषेच्या खाली आणतो. हेच त्याचे पहिले काम, मग सिनेमावाले काहीही दाखवोत.

गोळी झाडताना होणारा आवाज एका जागचा नसतो. सर्वांत मोठा वाटा वायूचा. काडतुसातली दारू पेटली की क्षणार्धात हजारो पट वातावरणीय दाबाचा तप्त वायू तयार होतो. गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हाही त्यामागचा दाब शेकडो पट उरलेला असतो. गोळीचे बूच उडाल्यावर तो वायू एकदम मोकळ्या हवेवर आदळतो आणि बार उडतो. कुकरचे झाकण भरल्या दाबात उडणे आणि शिट्टीतून वाफ थोडीथोडी निघणे यांत जो फरक, तोच नुसत्या नळीत आणि सायलेन्सर लावलेल्या नळीत.

डब्याच्या आत हे असे घडते. नळीच्या तोंडाशी एक मोकळी कोठी असते. तिथे वायू प्रथम पसरतो आणि त्याचा दाब उतरतो. तिच्यापुढे एकामागोमाग एक शंकूच्या आकाराच्या चकत्या, म्हणजे बॅफल, रचलेल्या असतात. प्रत्येकीच्या मध्यावर गोळीपेक्षा जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोठे भोक असते. गोळी सरळ निघून जाते, पण तिच्यामागचा वायू शंकूच्या कडेवर आदळून वळतो, भोवरे घेतो, पुढच्या खणात शिरतो आणि तिथेही अडतो. या धडपडीत त्याची ऊर्जा उष्णता होऊन धातूत मुरते. डब्याबाहेर पडेपर्यंत वायू थंडावलेला, मंदावलेला आणि काही मिलिसेकंद उशिरा आलेला असतो. लागोपाठ बार टाकले तर डबा इतका तापतो की हात भाजतो आणि त्यावरून उठणारी गरम हवा दुर्बिणीत नेम हलवते. म्हणून नेमबाज त्याला जाड कापडी आवरण घालतात.

त्या दीड मिलिमीटरच्या भोकातच सगळी जोखीम आहे. आटे किंचित तिरके कापले गेले, किंवा डबा बसतो ती नळीचा खांदा काटकोनात नसला, तर टोकाशी फरक मिलिमीटरात जातो, गोळी चकतीला घासते आणि डबा फाटतो. म्हणून नवा सायलेन्सर बसवल्यावर शस्त्रकारागीर नळीत एक सरळ पोलादी दांडी सरकवतो आणि पुढच्या भोकातून डोकावणारे तिचे टोक चारी बाजूंनी सारखे अंतर ठेवून आहे का, ते पाहतो. दोन मिनिटांची ही तपासणी टाळून बार टाकणारा माणूस नशिबावर चालतो. डब्यात आधीची हवा असल्याने तिच्यातल्या प्राणवायूने पहिल्या बाराला आत थोडी दारू पेटते आणि तो पुढच्यांपेक्षा मोठा वाजतो. पिस्तुलात डब्यामध्ये चमचाभर पाणी किंवा थोडे ग्रीस घातले तर ते वायूला आणखी थंड करते. मात्र त्याचा उपयोग काही बारांपुरताच.

वायू गप्प केला तरी गोळी उरते. हवेतल्या ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी आपल्या मागे आघातलाट ओढत नेते आणि ती कडाक्यासारखी ऐकू येते. हा आवाज नळीपाशी नाही, गोळीच्या वाटेवर जागोजागी निर्माण होतो. त्यामुळे नळीच्या टोकाला काहीही लावा, तो थांबत नाही. 5.56 मिमीची गोळी सेकंदाला 900 मीटरहून अधिक वेगाने निघते, ध्वनीच्या अडीच पट. सायलेन्सरचा पुरा फायदा हवा असेल तर गोळीच मंद लागते. 9 मिमी पिस्तुलात जड, 147 ग्रेनची गोळी सुमारे 300 मीटरने जाते आणि कडाका करत नाही. नाहीतरी 9 मिमी आणि .45 या पिस्तुली गोळ्या मुळातच ध्वनीच्या आसपास रेंगाळतात, म्हणून मुका मारा करण्यासाठी जगभर बहुधा त्यांचीच निवड होते.

इथे हवामान आपला हिशेब घालते. ध्वनीचा वेग हवेच्या दाबावर नाही, तापमानावर ठरतो. बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीच्या विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून 915 मीटर आहे, पण त्याने काही बिघडत नाही. एप्रिलच्या 34 अंशांच्या दुपारी तिथे ध्वनी सेकंदाला सुमारे 351 मीटर जातो. सियाचेनला उणे 40 अंशात तोच वेग 306 वर येतो. सेकंदाला 315 मीटरने जाणारी गोळी देवनहळ्ळीला बिनकडाक्याची ठरेल आणि सियाचेनला कडाडेल. थंडीत दारूही मंद जळते आणि गोळीचा वेग थोडा घटतो, पण तो 315 वरून 306 च्या खाली जाईल याची खात्री नसते. सियाचेनपासून कन्याकुमारीपर्यंत एकाच काडतुसाने काम भागवू पाहणाऱ्या सैन्याला हा हिशेब टाळता येत नाही.

मंद गोळीचा आणखी एक फायदा क्रीडा नेमबाजांना ठाऊक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत वापरायची .22 ची मॅच काडतुसे मुद्दाम सेकंदाला 325 ते 330 मीटरच्या आसपास ठेवलेली असतात. वेगवान गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरताना डगमगते; सुरुवातीपासूनच खाली असलेली गोळी त्या संकटातून जातच नाही. त्या वेगाचे कारण अचूकता आहे, आवाज कमी होणे हा वरचा नफा.

रणांगणावर सायलेन्सरचे काम आवाज लपवणे नसून जागा लपवणे असते. दूरच्या रायफलीची गोळी जवळून गेली की आधी कडाका ऐकू येतो आणि थोड्या वेळाने ‘धप्प’ असा बार. गोळी ध्वनीच्या पुढे धावते म्हणून कडाका आधी पोचतो. समजा बंदूक 600 मीटरवर आहे. बाराच्या आवाजाला यायला पावणेदोन सेकंद लागतात आणि 7.62 मिमीची गोळी सेकंदाच्या आसपास पोचते. मधला पाऊण सेकंद अनुभवी सैनिक मनात मोजतो, ‘धप्प’ आला त्या दिशेला पाहतो आणि अंदाजे अंतर सांगतो. सायलेन्सर हा दुसरा आवाज इतका उतरवतो की तो वाऱ्यात हरवतो. उरतो तो कडाका, आणि कडाका गोळीच्या वाटेवरून येत असल्याने कान नेहमी चुकीच्या बाजूला वळतो. तोंडाशी पेटणारा जाळही डब्यातच विझतो, म्हणून रात्री चमकही दिसत नाही. भारतीय सैन्याने नियंत्रणरेषेवर आणलेल्या .338 सारख्या दूर पल्ल्याच्या स्नायपर रायफलींना हा गुण जिवाशी निगडित आहे. खोलीत किंवा जिन्यात गोळीबार करणाऱ्या कमांडोंचा फायदा वेगळा: सायलेन्सर नसेल तर चार भिंतींत बार दुप्पट घुमतो आणि साथीदाराचा आवाज कानी पडत नाही.

पिस्तुलाची अडचण यांत्रिक आहे. आजच्या बहुतेक 9 मिमी पिस्तुलांत बार झाल्यावर नळी मागे सरकून किंचित खाली कलते आणि त्यावरच पुढची गोळी भरली जाते. तिच्या टोकाला पाव किलोचा डबा लटकला की नळी हलायला आळस करते आणि पिस्तूल अडकते. त्यावर उपाय म्हणून डब्याच्या बुडाशी स्प्रिंग आणि पिस्टन बसवतात. बारानंतर डबा क्षणभर नळीपासून सुटतो, नळीला मोकळी हालचाल मिळते. रायफलीत उलटे होते. वायू अडल्याने मागे दाब वाढतो, बोल्ट जास्त जोरात धावतो, धूर नेमबाजाच्या डोळ्यांत येतो. म्हणून वायूचा नियंत्रक कमी करावा लागतो. अलीकडच्या रचनांत वायू मागे न परतता बाजूच्या वळणवाटांनी पुढेच निघून जातो.

या यंत्राचा जनक हायरम पर्सी मॅक्सिम. बंदुकीच्या आवाजाने ज्याचे कान गेले त्या मशीनगनच्या शोधकर्त्या हायरम स्टीव्हन्स मॅक्सिमचा हा मुलगा. त्याचे पेटंट 1909 चे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलीला मॅक्सिमचा सायलेन्सर होता. पुढे त्याची कंपनी इंजिनांच्या धुराड्यांचा आवाज दाबण्याकडे वळली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी डी लाइल नावाची कार्बाइन बनवली: ली एनफिल्डचा सांगाडा, .45 ची मंद गोळी आणि नळीभर सायलेन्सर. सुमारे 130 च बनल्या, पण त्यांतल्या काही ब्रह्मदेशात वापरल्या गेल्या. तिचा बोल्ट हातानेच ओढायचा असल्याने यंत्राचा खडखडाटही टळत असे.

भारतीय सैन्याने ब्रिटिशांच्या स्टर्लिंग सबमशीनगनची रचना उचलली. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत ती कार्बाइन 1ए1 म्हणून बनली आणि तिचा मुका भाऊ 2ए1. या जातीच्या मूळ ब्रिटिश शस्त्रात नळीला 72 भोके असतात. वाटेतच थोडा वायू बाहेर जाऊन गोळी ध्वनीच्या खाली येते, त्यामुळे वेगळी मंद काडतुसे लागत नाहीत. जर्मनीची एमपी5 एसडी हाच मार्ग 30 भोकांनी साधते. किंमत मात्र मोजावी लागते: गोळीचा वेग उतरला की तिचा मार आणि पल्ला दोन्ही उतरतात.

नव्या पिढीचे काम पुण्यात झाले. पाषाणच्या शस्त्रसंशोधन आस्थापनेने, म्हणजे एआरडीईने, लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्यासोबत चार महिन्यांत 9 मिमीचे अस्मी मशीन पिस्तूल उभे केले. 2021 साली ते जाहीर झाले. वरचा सांगाडा विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, आणि घोड्याचे भाग धातूच्या त्रिमितीय छपाईने. त्याची 9 मिमीची गोळी सायलेन्सरला सोयीची. सैन्याच्या उत्तर कमांडसाठी 550 अस्मी घेण्यात आली आणि हैदराबादच्या लोकेश मशीन्सने ती बनवली. बेंगळुरूमध्ये स्टंप, शूले अँड सोमप्पा या स्प्रिंगा बनवणाऱ्या जुन्या कंपनीतून निघालेली एसएसएस डिफेन्स वायपर आणि .338 ची सेबर या स्नायपर रायफली बनवते.

सायलेन्सरचा धातू कोणता, हा प्रश्न विमान उद्योगाशी जोडलेला आहे. .22 ला ॲल्युमिनियम चालते; जोरदार रायफलीच्या पहिल्या चकतीवर मात्र दर बाराला वायू झोत मारतो, म्हणून तिथे जेट इंजिनातले निकेलचे मिश्रधातू, इन्कोनेल, आणि बाहेरच्या नळीला टायटॅनियम वापरतात. इन्कोनेल कापणे म्हणजे हत्याराची धार खाणे. देवनहळ्ळीजवळच्या एरोस्पेस पार्कात विमानांचे भाग करणारे डायनामॅटिकसारखे कारखाने उभे आहेत, आणि अशा कारखान्यांना लागणारी पाच अक्षांची यंत्रे आणि धातूची छपाई सायलेन्सरच्या आतल्या वाकड्या वाटा एका सलग तुकड्यात काढण्यासही तितकीच उपयोगी.

सायलेन्सर घाणही खूप धरतो. काजळी, शिसे आणि तांबे चकत्यांवर चढत जाते. डबा जड होतो आणि जागा घटून आवाज परत वाढतो. नवा डबा वजन करून ठेवला तर पुढे जमलेली घाण ग्रॅममध्ये कळते. .22 चा डबा उघडता येतो, कारण शिशाची गोळी सर्वांत जास्त घाण करते. जोरदार रायफलीचे डबे बहुधा वितळवून जोडलेले असतात.

भारतात नागरिकाने तो बाळगणे हा निराळाच विषय आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 2(1)(ई) मध्ये अग्निशस्त्राच्या व्याख्येतच बाराचा आवाज किंवा चमक कमी करणारी साधने घातलेली आहेत. म्हणजे रिकामा डबाही कायद्याने बंदूक. शिकारीसाठी नॉर्वेत तो परवान्याशिवाय मिळतो, फिनलंडमध्ये शिकारी तो सर्रास लावतात. अमेरिकेत 1934 पासून त्यावर 200 डॉलर कर होता, तो 2026 च्या जानेवारीपासून शून्य झाला. आपल्याकडे तो पोलीस, निमलष्करी दले आणि सैन्यापुरता राहिला. बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर .22 चालवणारे नेमबाज म्हणूनच कानांत प्लग खुपसतात आणि वर मफ चढवतात. दोन्ही मिळून साधारण सायलेन्सरइतकीच घट मिळते. फरक एवढाच, की ती फक्त ज्याने ते घातले त्याला मिळते.