स्पर्धात्मक पिस्तुलाची लाकडी मूठ : एका हस्तछंदाचा परिचय, कोकणातील लाकूड व हवामान यांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नेमबाजीची चर्चा सामान्यतः पदके, प्रशिक्षण आणि एकाग्रता यांभोवती फिरते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले. परंतु नेमबाजाचा हात आणि पिस्तुलाचे पोलाद यांच्यामध्ये जो लाकडाचा ठोकळा असतो, त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. कारखान्यातून ही मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची आणि लहान, मध्यम, मोठी अशा ठरावीक मापांत येते. हात मात्र अशा ठरावीक मापांत घडलेले नसतात. त्यामुळे स्वतःच्या हाताबरहुकूम मूठ कोरणे हा अनेक देशांतील नेमबाजांचा आणि हौशी सुतारांचा छंद झाला आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात, जेथे लाकूडकामाची परंपरा आहे आणि हवा वर्षाचे चार महिने ओलीचिंब असते, तेथे हा छंद कोणत्या प्रश्नांना सामोरा जाईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाव मिलिमीटरचा प्रश्न

१० मीटर एअर पिस्तूल प्रकारात लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि छर्‍याचा व्यास ४.५ मिलिमीटर. छर्‍याची कड वर्तुळाला स्पर्श करून गेली तरी गुण मिळतो; म्हणजे छर्‍याचे केंद्र लक्ष्यकेंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडले पाहिजे. पिस्तुलाची पुढची माशी व मागची खाच यांतील अंतर ३३० मिलिमीटर धरले, तर माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकल्यास छर्रा सुमारे ३० मिलिमीटर दूर जातो आणि दहाऐवजी सातच गुण हाती पडतात. दहा गुण टिकवावयाचे तर ही चूक साधारण पाव मिलिमीटरपेक्षा अधिक असून चालत नाही. शिवाय ही अचूकता एकाच लांबविलेल्या हाताने, उभ्याने, पात्रता फेरीत साठ वेळा साधावयाची असते.

मुठीचे कार्य येथे स्पष्ट होते. नेमबाजाने डोळे मिटून हात उचलावा आणि डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ त्याची आहे. ती दर वेळी एकाच बाजूस झुकलेली दिसत असेल, तर नेमबाज मनगट वळवून ती दुरुस्ती प्रत्येक नेमास करीत राहतो आणि चाळिसाव्या नेमाच्या सुमारास थकलेले मनगट ती करणे सोडून देते. हा दोष सरावाने झाकला जातो, नाहीसा होत नाही. तो कानशीनेच जातो.

आंतरराष्ट्रीय नियमांची चौकट येथे ध्यानात घ्यावी लागते. एअर पिस्तूल मुठीसह ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, एकूण वजन १५०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. मनगट मोकळे दिसले पाहिजे. तळहाताची कड जिच्यावर विसावते ती टेक वर वळवून हात कवटाळणारी करण्यासही मनाई आहे. कायद्याचीही एक मर्यादा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याच्या भागांचाही समावेश होतो. म्हणून हौशी कारागिराने एअर पिस्तुलापुरते आणि त्यातही केवळ लाकडापुरते राहणे शहाणपणाचे होय. चाप व नळी यांना त्याने हात लावू नये.

लाकडाची निवड

अक्रोड काश्मीरचा, कोकणात तो मिळत नाही. येथील सुताराच्या दुकानात कापून उरलेले साग, शिसव, फणस आणि शिवण यांचे तुकडे मात्र सहज सापडतात, आणि एका मुठीस वीतभर तुकडा पुरतो. साग टिकाऊ खरा, पण त्यातील सिलिकेमुळे हत्याराची धार लवकर जाते आणि तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही. शिसव जड व सुंदर, परंतु तिचा भुसा काहींच्या त्वचेला व श्वसनाला बाधतो. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते. या सर्वांत शिवण अधिक योग्य ठरावी : ती हलकी, कोरण्यास सुलभ आणि हवामानानुसार कमी हलणारी आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा मुठीसाठी फारच मऊ. मात्र पहिला नमुना करून पाहण्यास त्याच्याइतके सोयीचे लाकूड नाही.

घडण

नवशिक्याने थेट ठोकळ्यापासून आरंभ करू नये. कारखान्याच्या मुठीवर जेथे पोकळी जाणवते तेथे एपॉक्सी पुट्टी किंवा फेव्हिकॉलमध्ये कालवलेला लाकडाचा भुसा भरावा आणि जेथे टोचते तेथे कानस मारावी. कोठे टोचते हे हात नेमके सांगत नाही. त्यासाठी मुठीवर काजळाचा पुसट थर देऊन ती पकडावी. तळहातावर काळे उमटते तेथेच लाकूड टेकलेले असते. कित्येक आठवड्यांच्या अशा भर-घाटीनंतर जो ओबडधोबड आकार उरतो, तोच खरा आराखडा होय. त्यावरून मग लाकडात प्रत काढावी.

अंगठा व तर्जनी यांमधील खाच नळीच्या अक्षाच्या जितकी जवळ जाईल तितकी उसळी कमी जाणवते. पिस्तुलाचा भार मधल्या बोटाने पेलावा. तर्जनीला लाकडाचा स्पर्श मुळीच होऊ नये, अन्यथा चाप ओढताना मूठही ढकलली जाते. सर्वांत अवघड काम बाहेरच्या आकाराचे नसून आतील खोबणीचे असते, कारण पोलादी सांगाडा तेथे जराही न हलता बसावा लागतो. पटाशी येथे केसाच्या जाडीने चालवावी लागते. लाकडाचे तंतू मुठीच्या लांबीस समांतर ठेवले की टेकेत ते आडवे येतात आणि टेक तडकते. म्हणून टेक वेगळ्या तुकड्याची करून चिकटविणे बरे.

डावखुर्‍या नेमबाजासाठी ही सर्व रचना आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटते. हंगेरीचे कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. डाव्या हाताने त्यांनी १९४८ व १९५२ ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. हात बदलला की मूठही मुळापासून नवी घडवावी लागते.

दमट हवेचा परिणाम

कोकणी कारागिराची खरी परीक्षा मूठ तयार झाल्यानंतर सुरू होते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असता लाकडात सुमारे ११ टक्के पाणी राहते; पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली की ते १८ टक्क्यांच्या घरात जाते. साग पूर्ण ओला असताना व पूर्ण वाळल्यावर त्याच्या मापात वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के फरक पडतो. या हिशोबाने ४० मिलिमीटर रुंदीची सागवानी मूठ हिवाळा ते पावसाळा या काळात अर्धा मिलिमीटर फुगू शकते. ठोकळा चिरतानाच त्रिज्येची दिशा मुठीच्या रुंदीत आणली, तर हाच फरक पाव मिलिमीटरपर्यंत उतरतो. चिरण्यातील हा एक निर्णय पुढील सर्व घासकामापेक्षा मोलाचा आहे.

जवसाच्या तेलाचे हात दिल्याने ओलावा शिरण्याची गती मंदावते, थांबत नाही. लाखेची चकाकी घामट हातात निसरडी होते. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचे तेल मात्र मुठीला चुकूनही लावू नये. त्याने कातडी भाजते. पृष्ठभाग गुळगुळीत न ठेवता बारीक टोचे मारून खरबरीत करणे हाच उत्तम उपाय, आणि या टोच्यांना दरवर्षी नव्याने उठाव द्यावा लागतो.

रत्नागिरीत घडलेली मूठ घेऊन खेळाडू मे महिन्यात दिल्लीच्या डॉ. कर्णीसिंह नेमबाजी केंद्रावर उतरला, तर कोरड्या हवेत तीच मूठ आकसते आणि आतील खोबण सैल वा घट्ट होते. म्हणून मापे शक्यतो दिवाळीनंतरच्या मध्यम हवेत कायम करावीत, आणि काजळाची परीक्षा पुन्हा एकदा आषाढात घ्यावी. त्या वेळी उमटलेला डाग जुन्या जागेवरून सरकला असेल, तरी लगेच कानस हाती घेऊ नये. लाकूड फुगले आहे की पावसाळी उकाड्यात हातच सुजला आहे, हे आठवडाभर रोज एकाच वेळी पकडून पाहिल्याशिवाय कळत नाही.