टेपला धक्का लागू नये म्हणून

डेटा साठवणाऱ्या चुंबकीय टेपची चर्चा होते ती आकड्यांची. 2021 मध्ये आलेल्या एलटीओ-9 या टेपच्या पिढीत एका कार्ट्रिजमध्ये 18 टेराबाइट मावतात. त्याचं श्रेय चुंबकीय लेपाला आणि डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडला मिळतं, पण टेप चालवणाऱ्या यंत्रणेचं नाव फारसं कोणी घेत नाही. 1952 मध्ये टेप अर्धा इंच रुंद होती, आजही तेवढीच आहे. तेव्हा तिच्यावर 7 ट्रॅक होते, एलटीओ-9 मध्ये 8,960 आहेत. इतक्या दाटीत टेप जराशी सरकली तरी हेड शेजारच्या ट्रॅकवर जाईल.

पहिली अडचण झटक्याची होती. आयबीएम 701 या संगणकाला टेप काही मिलिसेकंदांत सुरू व्हायला आणि तितक्याच झटपट थांबायला हवी होती. टेप हलकी असते, पण भरलेलं रीळ जड. त्याला एकदम ओढलं तर टेप ताणली जाणार किंवा तुटणार. आयबीएमच्या जेम्स वायडेनहॅमर यांनी यावर व्हॅक्यूम कॉलमचा तोडगा काढला. हेडच्या दोन्ही बाजूंना उभे पोकळ कप्पे ठेवायचे, तळाशी हवा शोषून घ्यायची आणि टेपचा सैल वेढा आत खेचून धरायचा. कापड दुकानदार मोजण्याआधी ताग्यावरून थोडं कापड सैल सोडून घेतो, तसंच हे. धावपळ फक्त त्या सैल तुकड्यानं करायची. वेढा आखूड झाला की हवेच्या दाबातला फरक ओळखून रिळाची मोटर आपल्या गतीनं आणखी टेप सोडते. आयबीएम 726 या टेप ड्राइव्हमध्ये ही रचना आली आणि पुढची तीसेक वर्षं संगणक कक्षातली टेप ड्राइव्हची उंच कपाटं याच रचनेवर चालली.

1984 च्या आयबीएम 3480 या ड्राइव्हनं हे कॉलम काढून टाकले. रिळांच्या मोटरींवरचं नियंत्रण आता इतकं नेमकं झालं होतं की सैल वेढ्याची गरज उरली नाही. टेप तळहातावर मावणाऱ्या चौकोनी कार्ट्रिजमध्ये गेली.

मला सर्वांत सुंदर वाटते ती रोलरची सुधारणा. टेप बाजूला सरकू नये म्हणून रोलरला कडा असत. टेपची धार त्या कडेवर आपटली की ती झटकन उडी घेई आणि हेड हलवणाऱ्या सर्वो यंत्रणेला ती उडी गाठता येत नसे. शिवाय धार झिजून भुकटी पडे. म्हणून अभियंत्यांनी कडाच काढल्या आणि रोलरच्या पृष्ठभागावर बारीक खाचा पाडल्या. वेगानं धावणारी टेप आपल्याखाली हवेचा थर ओढून घेते आणि रोलरवर तरंगते. खाचांतून ती हवा निघून गेली की टेप रोलरला चिकटून चालते. ती अजूनही सरकते, पण हळूहळू, आणि हेडला तिच्यामागे जायला वेळ मिळतो. 2020 मध्ये आयबीएम आणि फुजीफिल्मनं प्रयोगशाळेत ताशी सुमारे 15 किलोमीटर वेगानं जाणाऱ्या टेपवर हेड 3.2 नॅनोमीटरच्या अचूकतेनं धरून दाखवलं.

आता झगडा हवामानाशी आहे. दमटपणानं टेप फुगते, कोरड्या हवेत आकसते. म्हणून एलटीओ-9 ची नवी कार्ट्रिज पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह आधी तिचं मोजमाप करून घेतो. त्याला सरासरी 40 मिनिटं लागतात, कधी दोन तासही. त्यामुळे नव्या टेपा आधी त्याच खोलीच्या हवेत मुरू द्याव्यात आणि मगच ड्राइव्हमध्ये घालाव्यात.