पाताळात उतरलेला पुतण्या

दिवाळी आली की फराळाच्या डब्यांबरोबर घरोघर आणखी एक प्रश्न बाहेर निघतो : सुटीत मुलांनी वाचावे काय? आम्हा मराठीच्या मास्तरांना तो हमखास विचारला जातो आणि आम्ही तोंड उघडण्याआधीच पुढचे वाक्य येते, "पण काहीतरी उपयोगाचे सांगा हं!" 'अवांतर वाचन' हा शब्द ज्या कोणी रूढ केला असेल, त्याने मुलांचे फार नुकसान केले असे माझे मत आहे. अवांतर म्हणजे मधले, वाटेतले. नेमस्त रस्त्यावरचे नव्हे ते. जणू तेथे पाऊल टाकले की गाडी चुकलीच!

यंदा हा प्रश्न माझ्या घरातच उभा राहिला. भाची आठवीत आहे. शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर, आणि बाईसाहेबांच्या हाती भा. रा. भागवतांचे 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' पडले. ती जेवायला उठेना. मेहुण्यांनी पुस्तक कपाटावर टाकले आणि मला म्हणाले, "मामासाहेब, पृथ्वीच्या पोटात माणूस जाऊ शकत नाही, हे शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. खोटे वाचून पोरगी शिकणार काय?"

प्रश्न उद्धट नव्हता, रास्त होता. तेव्हा उत्तर देण्यापूर्वी ते पुस्तक कपाटावरून काढून, तीस-बत्तीस वर्षांनी, मीच पुन्हा वाचले.

भागवतांचा (१९१०–२००१) परिचय या अंकाच्या वाचकांना करून द्यायला नको. 'फास्टर फेणे' त्यांचाच. १९५१ साली त्यांनी मुलांसाठी 'बालमित्र' मासिक काढले. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराला मराठी मुलांच्या घरात त्यांनी असा काही आणून बसवला, की तो कुठला परका आहे हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. व्हर्नची मूळ कादंबरी १८६४ सालची. हँबर्गचे एक हट्टी प्राध्यापक जुन्या कागदावरील सांकेतिक लिपी उलगडतात, आणि आइसलंडमधल्या विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडातून पृथ्वीच्या पोटात उतरायला निघतात. बरोबर पुतण्या आणि हान्स नावाचा अबोल वाटाड्या. उंचीची भीती मोडावी म्हणून वाटेत कोपनहेगनला काका पुतण्याला रोज एका चर्चच्या उंच मनोऱ्यावर चढवून खाली बघायला लावतात. पाच दिवस! आमच्या प्राध्यापकवर्गात असा छळ अजून पाहिलेला नाही.

लहानपणी आपण सारे वाचक काकांच्या बाजूचे असतो. पुतण्या भित्रा वाटतो. सारखा शंका काढतो : जमिनीत दर सत्तर फुटांना उष्णता एक अंशाने वाढते, मग मध्यावर पोचेपर्यंत आपले काय होईल? काका त्याला उडवून लावतात. आता पंचेचाळिशीत वाचताना मौज अशी दिसली, की पुतण्याचेच बरोबर होते. रशियात कोला येथे पाडलेले छिद्र १९८९ साली १२,२६२ मीटरपर्यंत गेले. तेथे उष्णता निघाली १८० अंश! पृथ्वीच्या त्रिज्येच्या मानाने ही नुसती साल खरवडणे झाले. गोष्टीत काका जिंकतात, पण त्या गोष्टीतच लेखकाने पुतण्याच्या तोंडी खरी शंका घालून ठेवली आहे. मेहुणे ज्याला खोटे म्हणतात, ते पुस्तक स्वतःच हळूच आधी म्हणून मोकळे झालेले आहे.

पण मला थांबवले ते एका दुसऱ्याच प्रसंगाने. पुतण्या वाट चुकतो. दिवा विझतो. काळोख असा, की डोळे उघडे की मिटलेले हे कळू नये. तो ओरडतो, रडतो, आणि मग खडकाच्या भिंतीला कान लागला असता काकांचा आवाज येतो. काका-पुतण्या म्हटले की आपल्याला शनिवारवाडा आठवतो, "काका, मला वाचवा" आठवते, आणि पुढचे तर विचारूच नका. येथे मात्र काका धावतात. धावतात म्हणजे काय, तर घड्याळ काढतात! काकांनी पुतण्याचे नाव घ्यायचे, ते ऐकताच त्याने तेच परत उच्चारायचे, आणि मधला वेळ मोजायचा. चाळीस सेकंद. म्हणजे एकेरी वीस. आवाज सेकंदाला एक हजार वीस फूट जातो, तेव्हा अंतर वीस हजार चारशे फूट. प्राण कंठाशी आलेले पोर काळोखात त्रैराशिक मांडते आणि त्याच्या जिवात जीव येतो. गणिताच्या पुस्तकाने हे त्रैराशिक मला कधी इतके जवळचे करून दिले नव्हते.

एवढे मी मेहुण्यांना सांगितले. ते पटले असे नाही. पण गणिताचा मुद्दा निघाल्यावर पुस्तक कपाटावरून उतरले, रोज अर्धा तास एवढ्या बोलीवर. असो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला तर पाताळाचे वावडे असण्याचे कारणच नाही. लोणारचे विवर आमच्या दारात आहे. लवणासुर या पाताळात दडून बसे, आणि विष्णूने झाकण उडवून त्याला मारले, अशी तेथली कथा; दैत्यसूदनाचे देऊळ तिची साक्ष म्हणून उभे आहे. पुढे इंग्रजी अमलात शास्त्रज्ञ आले. चोहीकडे काळा बसाल्ट पाहून कित्येकांनी ठरवले, हे ज्वालामुखीचे तोंड. म्हणजे व्हर्नच्या प्राध्यापकांनी दोर बांधून येथेच उतरावे! १९७३ साली अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी तळातून काढलेल्या खडकांत प्रचंड आघाताने काचेसारखे झालेले खनिज दाखवले, आणि विवर आकाशातून आलेल्या पाषाणाचे ठरले. मग ज्वालामुखीची गोष्ट गेली, आणि व्हर्नचीच दुसरी गोष्ट जवळची झाली : धूमकेतू पृथ्वीला घासून तिचा तुकडा माणसांसकट घेऊन जातो, ती १८७७ सालची कादंबरी. भागवतांनी तिला 'मुक्काम शेंडेनक्षत्र' असे फक्कड नाव दिले. विवराचे वय पन्नास हजार वर्षे म्हणत असत. २०११ च्या संशोधनाने ते पाच लाख सत्तर हजारांच्या घरात नेले. शास्त्रसुद्धा आपली गोष्ट सारखी पुन्हा लिहीत असते, फक्त पुराव्याच्या धाकात.

हिवाळ्यात मी बी.ए.च्या मुलांना लोणारला नेतो. धारेवर हातपाय धुऊन काठाने निघालो की हमखास एखादा पलीकडच्या काठाला हाक मारतो. गेल्या वेळी त्याला विचारले, "पोचायला किती वेळ लागेल?" विवराचा व्यास साधारण एक किलोमीटर आठशे मीटर. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर. मराठीची मुले; बोटे मोजता मोजता पुरती गडबडली. अखेर एक मुलगी म्हणाली, "पाच सेकंद आणि थोडे, सर." मग दोघांना पलीकडे धाडले, फोनवर वेळ लावली, आणि सगळ्यांनी मिळून बेंबीच्या देठापासून हाक घातली. पलीकडच्यांना काही ऐकू गेले नाही. वारा आमच्याकडे वाहत होता. त्यांची हाक मात्र आम्हाला आली, आणि ती नेमकी कोणत्या क्षणी आली यावर बसमध्ये मेहकरपर्यंत भांडण चालले होते.